बंदूक निवडणुकीपुरती जमा

टोकियोत, तोयोसूच्या ऑफिसात क्लायंटपुढे प्रेझेंटेशन करताना रणजित खराडे लेझर पॉइंटर जमिनीकडे धरायचा. पडद्यावर सर्व्हरची आकृती, रणजित सर्व्हरबद्दल बोलतोय, आणि लाल ठिपका गालिच्यावर. समोरची जपानी मंडळी शिस्तीची. ती गालिच्याकडे बघून टिपणं घ्यायची. एकदा कुराता-सान नावाच्या ज्येष्ठ गृहस्थांनी वाकून तो ठिपका जवळून पाहिला आणि समजल्यासारखी मान डोलावली. भारतीय लोक बोलतानासुद्धा नजर खाली ठेवतात, फार नम्र असतात, असा त्या मजल्यावर समज पसरला. रणजितने तो दुरुस्त केला नाही. खरं कारण सांगायचं तर सुरुवात बंदुकीपासून करावी लागली असती, आणि जपानमध्ये कुठलीही गोष्ट बंदुकीपासून सुरू करू नये एवढं त्याला पाच वर्षांत कळलं होतं.

खराड्यांच्या घरी बंदूक होती. गाव कराडच्या पलीकडे, घरटी एक माणूस फौजेत असलेलं. रणजितचे वडील पंढरीनाथ, म्हणजे आबा, सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि तालुक्याच्या बँकेत पहारेकरी म्हणून लागले. नोकरीची अट एकच, बंदूक घरून आणायची. म्हणून आबांनी परवाना काढून बारा बोअरची दुनळी घेतली. बँकेवर दरोडा कधी पडला नाही. एकदा एक बैल आत शिरला होता, पण तो खातेदाराचाच निघाला.

बंदूक मात्र घरात तिसऱ्या लेकरासारखी वाढली. पावसाळ्यात तिला तेल लावायचं, दसऱ्याला झेंडूची माळ घालायची, रात्री गोधड्यांच्या कपाटात झोपवायचं आणि कपाटाला कुलूप. निवडणूक जाहीर झाली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागत. मग ती ठाण्यावर राहायला जायची आणि मतमोजणी झाली की परत यायची. साखर कारखान्याच्या निवडणुकीला हा नियम लागू आहे की नाही हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. आबा तेव्हाही जमा करून यायचे. लोकशाही म्हणजे कपाटात गोधड्यांना ऐसपैस जागा, अशी रणजितची लहानपणी समजूत होती.

बंदुकीबरोबर नियमही वाढले. नळी माणसाकडे करायची नाही. रिकामी असली तरी नाही. लाकडाची असली तरी नाही. हळूहळू त्यात काठी आली, छत्री आली आणि शेवटी बोटही आलं. दिवाळीत गावची पोरं टिकल्यांची पिस्तुलं एकमेकांवर उडवायची. खराड्यांची दोन पोरं भिंतीकडे तोंड करून ओळीत उभी राहायची, उडवून झालं की ‘रिकामं’ असं ओरडून सांगायची आणि पिस्तूल खाली ठेवायची. त्यांच्याशी खेळायला फारसं कुणी यायचं नाही.

आणि घरात एक रीत होती. पोराला दहावं लागलं की त्या सालच्या दसऱ्याला आबा त्याला गावामागच्या डोंगरावर न्यायचे. धोंड्यावर मडकं ठेवायचं, मागे नुसती दरड, आणि पोराने आयुष्यातला पहिला बार काढायचा. मुलगा-मुलगी भेद नव्हता. थोरली जयमाला गेली तेव्हा तिने पहिल्या बारात मडक्याचं पीठ केलं आणि दुसरं मडकं मागितलं.

तीन वर्षांनी रणजित गेला. आबांनी खांद्याला बंदूक लावून दिली, मागे उभे राहिले आणि म्हणाले, तुझ्या मनाने. रणजित उभा राहिला. उन्हाची तिरीप मडक्यावरून खाली सरकून धोंड्यावर आली तरी तो उभाच. बोट घोड्यावर होतं, पण ते दुसऱ्या कुणाचं असावं तसं जागचं हलेना. शेवटी आबांनी बंदूक हलकेच काढून घेतली, मोडून काडतुसं बाहेर काढली, खिशात टाकली. निम्मा डोंगर उतरल्यावर त्यांनी गळ्यातला काळा दोरा काढला, त्यात कपाटाची किल्ली होती, आणि तो रणजितच्या गळ्यात घातला.

त्यानंतर घरातली किल्ली रणजितकडे. आबा ड्युटीला निघाले की त्याने कपाट उघडायचं, परत आले की लावायचं. जयमाला त्याला कोठावळा म्हणायला लागली. ज्याला बंदूक जमत नाही त्याला कुलपाचं काम, असा त्याचा सरळ अर्थ त्यानेही लावला होता. न फुटलेलं मडकं आईने घरी आणून त्यात चिंच भरली. पुढे कितीतरी वर्षं आमटी जरा आंबट झाली की ताटावर बसलेली सगळी माणसं एकदा त्या मडक्याकडे आणि मग रणजितकडे बघायची. आबा तेवढे ताटात बघायचे.

सव्वीस वर्षांनी ते मडकं नारिता विमानतळावर उतरलं.

आबा तीन महिन्यांच्या व्हिसावर आले होते. आई गेल्यापासून त्यांना बोलावणं चाललं होतं, ते यंदा आले, आणि हातातल्या सामानात, स्वेटरमध्ये गुंडाळून, ते मडकं. कस्टमच्या माणसाने झाकण काढून वास घेतला, त्याच्या तोंडाला पाणी सुटलं असावं, कारण तो बराच वेळ काहीच बोलू शकला नाही. रणजितला वाटलं, सुनेसाठी चिंच आणली असेल. ओजिमाच्या आठव्या मजल्यावरच्या घरात पोचल्यावर आबांनी चिंच एका डब्यात काढली, मडकं धुऊन बाल्कनीत पालथं घातलं आणि सांगितलं की न्यानूला दहावं लागलंय, दसरा इथेच करायचा आहे.

न्यानू म्हणजे ज्ञानदा. मार्चमध्ये नऊ पूर्ण झालेली, ओजिमाच्या जपानी शाळेत चौथीत. मराठी तिला सगळं समजायचं, उत्तर मात्र जपानीत यायचं. आबांना जपानी समजत नव्हतं, पण फौजेत त्यांनी नाना प्रांतांच्या माणसांबरोबर दिवस काढले होते. माणूस काय म्हणतोय ते त्याच्या उभं राहण्यावरून कळतं, असं त्यांचं मत होतं. दोघांचं पहिल्या आठवड्यातच जमलं.

तिची आई चैत्राली पुण्यातल्या एरंडवण्याची. तिच्या माहेरी सर्वांत धोकादायक वस्तू म्हणजे प्रेशर कुकर. स्टेशनजवळच्या एका बेकरीत ती सकाळचा आरुबाइतो, म्हणजे अर्धवेळ नोकरी, करायची. तिचं जपानमध्ये एकाशीच वैर होतं, ते म्हणजे कावळे. जाळायचा कचरा उचलून नेण्याच्या दिवशी ती पिशवी जाळीखाली नीट सरकवून, कडेला विटा ठेवून निघायची, आणि कोपऱ्यावरून वळून पाहावं तर एक कावळा वीट ढकलत असायचा. शेजारच्या बाई येऊन गोड आवाजात कचऱ्याचे नियम पुन्हा समजावून सांगायच्या. इकडचे कावळे बदकाएवढे असतात आणि त्यांना नियम पाठ असतात, हे तिने माहेरी फोनवर सांगून पाहिलं होतं. कुणी विश्वास ठेवला नव्हता.

बंदुकीचं ऐकल्यावर तिने रणजितला बेडरूममध्ये बोलावून घेतलं.

“रणजित, इथे माणसं कात्री देतानासुद्धा मूठ पुढे करून देतात. आणि आपण पोरीला बंदूक द्यायची?”

आबाही कात्री तशीच देतात, असं रणजित म्हणाला. ते खरं होतं, पण त्या वेळी बोलायचं नव्हतं.

मुळात जपानमध्ये बंदूक आणायची कुठून, म्हणून तो निर्धास्त होता. पण आबा रोज सकाळी ओजिमाच्या बाजारपेठेतून फिरून यायचे, आणि तिथल्या खेळण्यांच्या दुकानात त्यांना ती दिसली. स्प्रिंगवर चालणारी, प्लॅस्टिकच्या गोळ्या मारणारी, लांब नळीची. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलं होतं, दहा वर्षं आणि पुढे. तेवढा आकडा आबांना वाचता आला. आपल्या घरची रीत जपान सरकारने खोक्यावर छापलेली पाहून त्यांना गहिवरून आलं आणि ते ती घेऊन आले.

अडचण ज्ञानदानेच काढली. तिने खोकं वाचलं आणि हात मागे घेतले. मी नऊची आहे, ती जपानीत म्हणाली. रणजितने भाषांतर केलं. आबा म्हणाले, दहावं चालू आहे. ती म्हणाली, चालू नाही, पूर्ण लागतं. आबांनी रणजितकडे पाहिलं, या पोरीला कुणी शिकवलं असं. मग ते स्वतःच विचारात पडले. छापील नियमाविरुद्ध बोलायचं त्यांच्या रक्तात नव्हतं.

“लिहिलंय म्हणतीय?”

“लिहिलंय.”

“मग लिहिलंय,” आबा म्हणाले. पण दसरा होईपर्यंत काहीतरी तोड निघेल, अशा बेताने त्यांनी बंदूक परत केली नाही. घरात कुलपाचं कपाट नव्हतं. म्हणून त्यांनी आपली मोठी बॅग रिकामी केली, तीत बंदूक आडवी ठेवली, गोळ्या वेगळ्या पिशवीत बांधून ठेवल्या, बॅगेला कुलूप घातलं. किल्ली घेण्यासाठी रणजितने सवयीने हात पुढे केला. आबा त्याच्या बाजूने स्वयंपाकघरात गेले आणि किल्ली चैत्रालीच्या हातात ठेवली.

रणजितला ते लागलं. छत्तिसाव्या वर्षी, होम लोन असलेल्या माणसाला, खेळण्याच्या बंदुकीच्या किल्लीवरून लागलं. त्याने आबांना हसत हसतच विचारलं की तिला कशी काय दिलीत.

“तिला आवडत न्हाई म्हणून,” आबा म्हणाले.

त्या रात्री रणजितला झोप आली नाही. मडकं बाल्कनीत पालथं होतं. दसऱ्याला न्यानू त्याच्यापुढे उभी राहील. तिच्याने दाबवलं नाही तर? मग ते मडकं या स्वयंपाकघरात येऊन बसेल आणि पोरगी जन्मभर आमटीकडे बघत जेवेल. आणि दाबलं तर? तर खराड्यांच्या घरात न दाबणारा तो एकटाच उरेल. दोन्हींतलं कुठलं वाईट हे त्याला ठरवता येईना. आबांना एकदा विचारावं, त्या दिवशी तुम्हाला काय वाटलं होतं माझ्याबद्दल. पण जी गोष्ट सव्वीस वर्षं विचारली नाही ती व्हिसा संपायच्या आत विचारायची कशी.

सप्टेंबर लागला आणि खालून लाउडस्पीकरच्या गाड्या फिरायला लागल्या. पांढरे हातमोजे घातलेली माणसं खिडकीतून हात हलवतायत, आतून एक बाई तेच तेच नाव अत्यंत आर्जवाने घेतेय. आबांनी बाल्कनीतून पाहिलं. भाषा कळली नाही तरी प्रकार ओळखीचा होता. त्यांनी ज्ञानदाला विचारलं, हे काय. सेन्क्यो, ती म्हणाली, आणि आठवून मराठीत सांगितलं, निवडणूक.

आबा आत गेले. आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, सुनेकडून किल्ली मागून घेतली. चैत्रालीला वाटलं, दुकानात परत द्यायला निघालेत. तिने आनंदाने दिली. आबा आणि ज्ञानदा बंदूक टॉवेलात गुंडाळून कोपऱ्यावरच्या कोबानमध्ये, म्हणजे पोलीस चौकीत, गेले. तिथे काय झालं ते रणजितला नंतर ज्ञानदाकडून कळलं, निम्मं जपानीत आणि निम्मं अभिनय करून.

आबांनी बंदूक टेबलावर ठेवली. नळी भिंतीकडे, गोळ्या वेगळ्या. मग सॅल्यूट ठोकला आणि नातीला म्हणाले, सांग, निवडणूक संपेपर्यंत जमा करायची आहे, पावती पाहिजे. तिने सांगितलं. टेबलामागचा पोलीस तरुण होता. हे खेळणं आहे, जमा करायची गरज नाही, असं तो अदबीने म्हणाला. आबा म्हणाले, सगळे असंच म्हणतात. पोलीस म्हणाला, निवडणुकीत जमा करायची पद्धत आमच्याकडे नाही. आबांनी खुर्ची ओढली आणि बसले. पद्धत नाही म्हणणारे ठाणेदार त्यांनी पाहिले होते. साखर कारखान्याच्या वेळी दर खेपेला तेच व्हायचं आणि शेवटी जमा करून घ्यायचेच.

पोलिसाने वरिष्ठांना फोन लावला. फोनवर तो बराच वेळ वाकून वाकून बोलत होता. मग त्याने आपल्याकडचे सगळे छापील अर्ज टेबलावर मांडले. वस्तू घेऊन पावती देण्याचा एकच अर्ज होता, तो रस्त्यात सापडलेल्या वस्तूंचा. त्याने तोच भरला. सापडणाऱ्याचं, म्हणजे ज्याला वस्तू सापडली त्याचं नाव, पंढरीनाथ खराडे. पत्ता ज्ञानदाने सुवाच्य अक्षरात लिहिला आणि लिहिणारीचं नाव म्हणून स्वतःचंही लिहिलं. आबांना शिक्क्याची पावती मिळाली. जपानविषयी त्यांचं मत इतकं चांगलं झालं की परत येताना त्यांनी वाटेत एका रिकाम्या गस्तीच्या सायकललाही सॅल्यूट केला.

मतमोजणीच्या दुसऱ्या दिवशी आबा बंदूक आणायला गेले आणि हात हलवत परत आले. मग रविवारी रणजित वेळ काढून स्वतः गेला. पोलिसाने त्याला बसवून, चहा देऊन समजावलं की वस्तूच्या मालकाचा शोध चालू आहे. रणजित म्हणाला, मालक माझे वडील. पोलीस म्हणाला, ते तर सापडणारे. दोन्ही तेच आहेत, रणजित म्हणाला. पोलिसाने याचा मनापासून विचार केला. मालक म्हणून ते आले तर पुरावा लागेल, आणि सापडणारे म्हणून आले तर सहा महिने थांबावं लागेल. त्यानंतर मालक आला नाही तर वस्तू सापडणाऱ्याची. दुकानाची पावती आहे का? पावती आबांनी बंदूक घेतल्याच्या दिवशीच कागद जमा करायच्या पेटीत टाकली होती. कचरा वेगळा करण्याचे नियम त्यांना फार आवडले होते.

“सहा म्हैने?” घरी हे ऐकून आबा म्हणाले. “चांगलं ठाणं हाय. आपल्याकडं हप्त्यात दुसऱ्याला देत्यात.”

पण दसरा सहा महिन्यांवर नव्हता. तो एका महिन्यावर होता. चैत्रालीने मनातल्या मनात जपानी पोलिसांचे आभार मानले. रणजितला सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याची लाजही वाटली.

आबा मात्र थांबले नाहीत. दुसऱ्याच दिवशी त्यांनी कोनबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, एक पारदर्शक छत्री आणली. रोज शाळा सुटली की दोघं नदीकाठच्या बागेत जायचे. छत्री कशी धरायची, चालताना टोक जमिनीकडे कसं, दुसऱ्याला देताना उघडून, आत काही नाही हे दाखवून कसं द्यायचं. नेम धरण्याआधी मडक्याकडे बघायचं नाही, मडक्याच्या मागे बघायचं. ज्ञानदाला हे सगळं पटलं, कारण यात नियम होते आणि छत्रीवर वयाची अट नव्हती. महिन्याभरात तिच्या वर्गातली पोरंही पावसात छत्र्या उघडून एकमेकांना आतून दाखवायला लागली. बाईंनी वहीत शेरा पाठवला, छत्रीच्या सुरक्षिततेबद्दल आपल्या घराने घेतलेल्या पुढाकाराबद्दल धन्यवाद.

दसऱ्याला रणजितने अर्धा दिवस सुट्टी घेतली. चैत्राली बेकरीतून परस्पर आली, हाताची घडी घालून एका बाकावर बसली. आबांनी छत्रीला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं. बागेत शेवटी दगडी कठडा होता, पलीकडे गवताचा उतार आणि पाणी. कठड्यावर मडकं ठेवलं.

ज्ञानदा उभी राहिली. मागे पाहिलं, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. छत्री खांद्याला लावली. आबा तिच्या मागे गेले आणि म्हणाले, “तुझ्या मनानं, बाळ.”

रणजित दोन पावलं मागे सरकला. समोर छत्री आहे, आत काहीही नाही, घोडा म्हणजे उघडायचं बटण, हे त्याला माहीत होतं. त्याने काही फरक पडत नव्हता.

कठड्याच्या मागून एक म्हातारे गृहस्थ आले. बरोबर स्वेटर घातलेलं छोटं कुत्रं. ज्ञानदाने छत्री खाली केली, टोक जमिनीकडे. कुत्र्याला चिंचेचा वास आला आणि ते मडक्याखाली ठाण मांडून बसलं. गृहस्थांनी दोरी ओढली, क्षमा मागितली, वाकले. ज्ञानदा वाकली. आबांनी सॅल्यूट केला, तेव्हा ते पुन्हा वाकले. बऱ्याच वेळाने कुत्रं हललं. तिने छत्री परत वर घेतली. तेवढ्यात दोन बायका सायकलवरून आल्या, पुढे-मागे पोरं बसवलेल्या. छत्री खाली. मग एक धावणारा. मग शाळेची एक रांगच, पिवळ्या टोप्यांची. छत्री खाली. त्यातल्या दोघांनी तिला हाक मारली आणि आपल्या छत्र्या नसल्याबद्दल हळहळ व्यक्त केली.

रांग गेली. कठड्यामागे आता कुणीच नव्हतं. ज्ञानदा छत्री खांद्याला लावून उभी होती. मडक्यावरचं ऊन हळूहळू खाली सरकलं. बटणावरचं बोट हललं नाही. मग तिने स्वतःच छत्री खाली घेतली, उघडली, आतून आबांना दाखवली आणि मराठीत म्हणाली, “आबा, इथे मागे नेहमी कुणीतरी येतं.”

“येतंच,” आबा म्हणाले.

“रिकामं,” ती म्हणाली आणि छत्री गवतावर ठेवली.

आबांनी मडकं उचललं, रुमालाने पुसलं आणि चैत्रालीच्या मांडीवर नेऊन ठेवलं. यात चिंच भर आता, म्हणाले. आपट्याची पानं नव्हती. बागेत गिंक्गोची झाडं होती, त्यांची पानंही मधून चिरलेली असतात, अजून पुरती पिवळी झाली नव्हती. ज्ञानदाने ती गोळा करून सगळ्यांना सोनं म्हणून वाटली. धावणारा परत फिरून आला तेव्हा त्यालाही एक दिलं. तो ते पान हातात घेऊनच पुढे धावत गेला.

घरी परतताना चैत्राली आणि ज्ञानदा पुढे, मडकं दोघींच्या मध्ये. रणजित आबांच्या चालीने मागून चालला होता.

“तिच्यानेही नाही झालं, आबा,” तो म्हणाला.

“काय न्हाई झालं?”

“बार.”

आबा थांबले. ते चालता चालता बोलणाऱ्यांतले नव्हते.

“आरं, मडकं फोडाया डोंगरावर कशाला जायला पायजे? ती घरात बी फुटत्यात. किल्ली कुणाकडं द्यायची ते बघाया न्यायचं असतं पोराला. जयूकडं दिली असती किल्ली तर गावात एक कोंबडी राहिली नसती.”

रणजित पुढे गेलेल्या दोघींकडे बघत राहिला. मग त्याला वाटलं, निदान हे तरी स्वच्छ सांगावं.

“माझ्या मागेपुढे कुणी नव्हतं हो आबा त्या दिवशी. मला दिसलं-बिसलं काही नाही. मी नुसता घाबरलो होतो.”

“म्हाईत हाय. मागंच हुतो की मी तुझ्या. तुझं पाय लटलटत हुते.”

“मग?”

“मग काय?” आबा म्हणाले. “दिली न्हवं किल्ली.”

आणि ते पुढे चालायला लागले, कारण सिग्नल हिरवा झाला होता आणि हिरवा असताना उभं राहणं त्यांना बेशिस्त वाटायचं. रणजित मात्र उभाच राहिला. सिग्नल लाल झाला. पलीकडे त्याचं सगळं कुटुंब त्याची वाट बघत होतं आणि मधून गाड्या जात होत्या. त्याचा हात आपसूक गळ्याकडे गेला. तिथे आता फक्त ऑफिसचं आयकार्ड होतं.

आबा ऑक्टोबरच्या शेवटी परत गेले. जाताना त्यांनी कोबानमध्ये निरोप घेतला आणि पावती ज्ञानदाच्या ताब्यात दिली. बॅग मोठी म्हणून ठेवूनच गेले, किल्ली चैत्रालीकडे होती तशीच राहिली. मडक्यात चिंच भरली गेली. आमटी आंबट व्हायला लागली, पण ताटावरून कुणी कुणाकडे बघेनासं झालं.

मार्चमध्ये कोबानमधून फोन आला. मालक मिळाला नाही, वस्तू घेऊन जावी. रणजित आणि ज्ञानदा गेले. पोलीस तोच होता. त्याने बंदूक टॉवेलासकट जपून ठेवली होती आणि टॉवेल धुऊन घडी केला होता. सापडणारे आजोबा परदेशी गेले आहेत, पण अर्जावर दुसरं नाव हिचंच आहे, तेव्हा हरकत नाही, तो म्हणाला. मग त्याने दस्त्यावर छापलेला वयाचा आकडा वाचला आणि चेहरा गंभीर करून तिला वय विचारलं.

“दहा,” ज्ञानदा म्हणाली. “गेल्या रविवारी पूर्ण.”

तो उभा राहिला आणि वाकला. तिने सॅल्यूट केला.

घरी येईपर्यंत बंदूक तिच्या हातात होती, नळी जमिनीकडे. रणजितला एकदाही सांगावं लागलं नाही. त्याने विचारलं, मडकं घेऊन नदीवर जायचं का. ती म्हणाली, आबा आले की. घाई नाही, आता मी कायमच दहाच्या पुढे असणार.

चैत्राली बॅग उघडून वाट बघत होती. बंदूक टॉवेलातून बाहेर आली तशी ती जवळ आली. आधी लांबून पाहिलं, मग वाकून पाहिलं, मग एका बोटाने नळीवर टिचकी मारली. बाल्कनीच्या कठड्यावर बाहेर एक कावळा बसला होता, आणि त्याच्या चोचीत बेकरीच्या पिशवीचा तुकडा होता.

“ही किती लांब जाते गं?” चैत्रालीने सहज विचारलं. “म्हणजे, समजा, कचऱ्याच्या जाळीपर्यंत?”

ज्ञानदाने आईकडे पाहिलं. बाल्कनीतल्या कावळ्याकडे पाहिलं. बंदूक बॅगेत आडवी ठेवली, गोळ्या वेगळ्या बांधल्या, कुलूप लावलं. मग आईपुढे हात केला आणि किल्ली मागितली. चैत्राली म्हणाली, अगं, मी नुसतं विचारलं. ज्ञानदाचा हात पुढेच राहिला. शेवटी चैत्रालीने डब्यांमागून किल्ली काढून दिली.

ज्ञानदा ती घेऊन बाबाकडे आली. त्याच्या गळ्यातल्या आयकार्डाच्या पट्ट्यात तिने ती अडकवली आणि नीट बसली की नाही ते दोनदा ओढून बघितलं.